जत्रेतली बासरी घेताना

चैत्री पौर्णिमेला कळंब तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. चुनखडी वेचून माणसे माघारी वळली, की रस्त्याच्या दुतर्फा दुकानांची रांग लागलेली असते. पेढे, चिरमुरे, बांगड्या, प्लास्टिकचे ट्रॅक्टर. आणि या साऱ्या कलकलाटावर ज्याचा आवाज तरंगत असतो तो बासरीवाला. खांद्याला काठी, काठीच्या शेंड्याला गवताचा मुठा आणि त्यात चहूबाजूंनी खोचलेल्या पन्नाससाठ बासऱ्या. हा गृहस्थ स्वतः एक बासरी वाजवीत हिंडतो, आणि ती इतकी गोड वाजते की जवळचे पोर बापाचा सदरा ओढल्यावाचून राहत नाही. येरमाळ्याचेच कशाला? तुळजापूरची कोजागिरी घ्या, तेरची गोरोबाकाकांची यात्रा घ्या, नळदुर्गचा खंडोबा घ्या, हा माणूस तिथे भेटायचाच. त्याच्याकडून बासरी कशी पारखून घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. चहाभज्यांच्या खर्चात येणारी वस्तू, तिची पारख ती काय करायची, असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण मी चौथीत असताना अण्णांनी गावच्या जत्रेतून मला अशीच एक बासरी घेऊन दिली होती. उभी धरून शिट्टीसारखी फुंकायची ती. आपल्याकडे तिला पावा म्हणतात. महिनाभर मी ती हातातून सोडली नाही. मग एके दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी पेटीबरोबर वाजवायला उभा राहिलो, आणि दुसऱ्याच ओळीला गुरुजींनी पेटी थांबवली. म्हणाले, "अरे, तुझ्या कानातच सूर नाही. तू आपला टाळ धर." मी टाळ धरला, तो पुढे तीस वर्षे धरला. टाळ काही वाईट नव्हे. परंतु आपल्याला सूर नाही ही गोष्ट मी खरी मानून चाललो.

तीन वर्षांपूर्वी घरातली जुनी ट्रंक आवरताना तो पावा सापडला. आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे सहकारी शेजारीच राहतात. त्यांनी मोबाईलवर सूर मोजण्याची सोय उघडली आणि म्हणाले, "वाजवा सर, एकेक सूर, सावकाश." षड्ज बरा निघाला. पंचम बरा निघाला. गंधार मात्र, अर्ध्या सुराच्या अंतराचे शंभर भाग कल्पिले तर, चाळीस भागांनी चढा! प्रार्थनेची दुसरी ओळ नेमकी गंधारावर उभी होती. गुरुजींनी ऐकले ते बेसूरच होते, त्यात त्यांची चूक नाही. त्यांनी पोर तपासले, पावा तपासला नाही, इतकेच.

असे का होते हे समजायला बासरी होते कशी ते पाहावे लागेल. बासरीला पातळ सालीचा आणि लांब पेरांचा वेळू लागतो. आपल्याकडचा मानवेल जवळजवळ भरीव असतो आणि कळक जाड सालीचा, म्हणून ते या कामाला चालत नाहीत. बासरीचा वेळू बव्हंशी आसामाकडून येतो. उत्तर प्रदेशातले पिलीभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेथेही वेळू तिकडचाच. कारागीर सळई तापवून वेळूला भोके पाडतो. आता गंमत अशी, की वेळू हा कारखान्यातला नळ नव्हे. एकाची पोकळी रुंद, दुसऱ्याची अरुंद. एकाची साल जाड, दुसऱ्याची पातळ. जाणता कारागीर प्रत्येक वेळूचा सूर ऐकत ऐकत भोक थोडे थोडे मोठे करीत जातो. जत्रेसाठी शेकड्यांनी माल काढणाऱ्याला तेवढी उसंत कुठली? तो मापाची एक पट्टी ठेवतो आणि सगळ्या वेळूंना त्याच अंतरावर भोके पाडतो. ज्या वेळूची पोकळी त्या पट्टीला जुळली ती बासरी सुरात निघते, बाकीच्या थोड्याफार हुकतात. म्हणजे त्या गवताच्या मुठ्यात चांगली बासरी असतेच असते. ती कोणती, हे फक्त विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ही अडचण आपलीच आहे असेही नाही. आयर्लंडच्या लोकसंगीतात पत्र्याची एक साधी शिट्टी वाजवतात. ती आपल्या पाव्याची सख्खी बहीण शोभावी अशी. तीही उभी, तिलाही भोके सहाच. इंग्लंडात रॉबर्ट क्लार्क नावाच्या माणसाने १८४३ साली पत्रा वळून, तोंडात लाकडाची गुट्टी बसवून अशा शिट्ट्या करून विकायला आरंभ केला. त्या इतक्या स्वस्त, की लोक त्यांना पेनीची शिट्टी म्हणू लागले. गरिबाच्या घरात आणि पोराच्या खिशात मावणारे हे वाद्य आयरिश संगीतात असे मुरले, की १९७९ साली मेरी बर्गिन या वादिकेची केवळ त्याच शिट्टीची ध्वनिमुद्रिका निघाली आणि लोक तिच्याकडे शिकाऊ पोरांचे खेळणे म्हणून पाहीनासे झाले. तिकडचे जाणते वादकही स्वस्तातली शिट्टी घेताना दुकानात दहाबारा वाजवून त्यातली एक उचलतात, आणि घरी आणल्यावर तिच्या तोंडाजवळच्या पोकळीत मेण भर, भोकावर चिकटपट्टी लाव, असे उद्योग करतात. तेव्हा बासरीवाल्याकडे आपण दहा वाजवून पाहिल्या तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता पारख. जत्रेत आपण बहुधा काय म्हणतो? "मामा, जरा वाजवून दाखवा की." आणि मामा एखाद्या सिनेमातली धून झरझर वाजवून दाखवतात. इथेच आपण फसतो. त्यात मामांची लबाडी नसते. आडवी बासरी ओठांशी किंचित आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो. वर्षानुवर्षे वाजवणाऱ्याचे ओठ बासरीची खोड आपोआप झाकून घेतात, आणि द्रुत धुनेत कोणताही सूर कानावर ठरत नाही. म्हणून धून नको म्हणावे. "मामा, सा रे ग म सावकाश, एकेक सूर लांब धरून वाजवा," असे सांगावे. पाव्याच्या बाबतीत एक सोय आहे. त्याचा वारा ठरलेल्या फटीतून जातो, तिथे ओठांची मखलाशी चालत नाही. तो जसा आहे तसा वाजतो, आणि नवख्या माणसालाही फुंकून पाहता येतो.

सहाही भोके बंद करून हलकेच फुंकावे. हा सर्वांत खालचा सूर, आपल्या पद्धतीत मंद्र पंचम. तो फुंकर मारल्याबरोबर उमटला पाहिजे. फरफरत असेल, वरच्या सुरात उडी मारत असेल, तर बहुधा कुठेतरी चीर आहे किंवा भोकांच्या कडा खरखरीत आहेत. मग खालची तीन बोटे उचलावीत, म्हणजे षड्ज. खिशातल्या मोबाईलवर तंबोरा लावून त्याच्याशी हा षड्ज आणि मघाचा पंचम ताडून पाहावा. पुढे त्याच षड्जाच्या बोटांवर जोरात फुंकून तार षड्ज काढावा. स्वस्त बासऱ्या सगळ्यात जास्त इथे नापास होतात. वरचा षड्ज खालच्याशी एकरूप न होता उतरलेला राहतो. शेवटी वरचे एकच भोक बंद ठेवून गंधार. या चार सुरांत जी उतरली ती घ्यावी. दिसायला काळपट असो, रंगाचे पट्टे नसोत, गोंडा नसो.

आयरिश शिट्टीवरही बोटे हीच, फक्त ते लोक सहाही भोके बंद करून जो सूर येतो त्याला आपला मूळ सूर मानतात, आपण तीन भोके बंद ठेवून येणाऱ्याला. गंमत म्हणजे त्यांच्याही पुष्कळ चाली आपल्याच षड्जावरून चालतात.

मोबाईलवर सूर मोजायचा तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चैत्रातल्या आपल्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. उष्ण हवेत ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. त्यामुळे बासरीचे सगळेच सूर थोडे चढे दिसतात. ते सारखेच चढे असतील तर बासरी निर्दोष समजावी. उलट मार्गशीर्षातल्या पहाटेच्या काकड्याला तीच बासरी पेटीच्या खाली उतरते. ती थोडा वेळ फुंकून ऊब द्यावी. दुसरी गोष्ट गंधाराची. मोबाईलचे माप पेटीचे असते. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा, मघाच्या हिशेबाने, १४ भागांनी उतरलेला असतो. म्हणून काटा तेवढा खाली दाखवील तर घाबरू नये. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला होता, त्यामागे पेटीच्या सुरांवरचा असा आक्षेपही होता. मराठी शिकवणाऱ्याने याहून खोल पाण्यात शिरू नये.

लांबीचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. पेटीवाला पट्टी बदलू शकतो, बासरीवाल्याला बासरीच बदलावी लागते. भजनी मंडळात वाजवायची असेल तर पेटीवाल्याला आधी विचारावे, मंडळ कोणत्या पट्टीत गाते. घरी शिकायला मोठ्या माणसाने पांढरी एक किंवा काळी एकची, १८-१९ इंचांची घ्यावी. दहाअकरा वर्षांच्या मुलाची बोटे तिथवर पोहोचत नाहीत. त्याला पांढरी तीनची, १५ इंचांच्या आसपासची बरी. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी ३२ इंची बासरी मैफलीत आणली हे खरे. ते ऐकून कोणी पोराला तसली लांब बासरी आणून देतात आणि पोर रडकुंडीला येते. आणि अगदी लहान मुलाला पावाच द्यावा. आडव्या बासरीतून आवाज निघायलाच पुष्कळदा आठवडा जातो, तेवढा धीर त्या वयात नसतो.

आपल्या कोरड्या हवेत वेळू उभा तडकतो. त्याला अधूनमधून मोहरीचे किंवा खोबरेल तेल आतून पुसावे, आणि बासरी मोटारीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये. हल्ली नळाच्या पाइपाच्या बासऱ्याही करतात. नाद वेळूसारखा नसतो, पण त्या तडकत नाहीत, आणि पाइपाची पोकळी एकसारखी असल्यामुळे चांगल्या कारागिराच्या हातची असेल तर सुरात सापडण्याचा संभव अधिक. शिकाऊ मुलासाठी मी ती निःशंक घेईन.

आणि घरात आधीच एखादी बेसूर बासरी असेल तर ती टाकू नये. सूर चढा असेल तर ज्या भोकातून तो निघतो त्याच्या वरच्या, म्हणजे तोंडाकडच्या, कडेला चिकटपट्टीचा तुकडा किंवा मेण लावून भोक थोडे लहान करावे. उतरलेला असेल तर तीच कड बारीक कानशीने किंचित घासावी. पण घासताना घाई करू नये, कारण गेलेला वेळू परत येत नाही. माझ्या पाव्याच्या दुसऱ्या भोकावर आम्ही अशीच पट्टी लावली आणि गंधार जागेवर आला. आता तो माझ्या मुलीकडे आहे. त्याचा तार षड्ज मात्र उतरलेलाच आहे, त्याला पट्टीचा उपाय नाही. ती त्या सुरावर फार वेळ थांबत नाही.