कुरणाची राखण कोण करतो?

आल्प्स पर्वतातील हिरवीगार कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या गाई तुम्ही चित्रपटांत पाहिल्या असतील. हे सौंदर्य निसर्गाने आयते दिलेले आहे, असे आपल्याला वाटते. पण त्याचे बरेचसे श्रेय शेतकऱ्याच्या विळ्याला आणि गाईच्या दातांना आहे!

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २,००० मीटर उंचीपर्यंत वृक्ष वाढू शकतात. या पट्ट्यातील बहुतेक कुरणे माणसाने शेकडो वर्षांपूर्वी जंगल तोडून तयार केली. गवत कापणे व गुरे चारणे थांबले, की तेथे झुडपे शिरतात. पुष्कळ ठिकाणी हिरव्या आल्डरची दाट जाळी माजते. हरभऱ्याप्रमाणे त्याच्याही मुळांच्या गाठींत हवेतील नायट्रोजन बांधणारे जीवाणू असतात. जमिनीत नायट्रोजन फार झाला, की काही जोमदार वनस्पतीच फोफावतात आणि कुरणातील नाजूक फुलझाडे मागे हटतात. शिवाय न कापलेले लांब गवत हिवाळ्यात उतारावर आडवे पडते आणि त्यावरून बर्फ सहज घसरतो.

मग शेतकरी गवत कापणे सोडतो तरी का? तीव्र उतारावर यंत्र चालत नाही. लांब दांड्याचा विळा हाती घ्यावा लागतो. कष्ट फार, दूध थोडे. सरकारने दुधाला चांगला भाव दिला किंवा जनावरामागे पैसे दिले, तर शेतकरी सपाट जमिनीवर अधिक गाई पाळतो. चढावरचे कुरण ओसच राहते.

पर्यटनाचे काय? प्रवासी येतात ते ही कुरणे पाहायला. काही शेतकरी त्यांना घरी उतरवून घेतात, चीज विकतात. त्या मिळकतीवर शेती टिकते. परंतु हॉटेलातील नोकरी अधिक पैसे देते, म्हणून तरुण तिकडे वळतात. प्रवाशाचे पैसे हॉटेलमालकाला मिळतात. गवत कापणाऱ्याला त्यातले काही मिळेलच असे नाही. देखावा सर्वांना हवा, पण बाजारात त्याला किंमत नाही. खरी अडचण ही आहे.

यावर स्विस लोकांनी उपाय योजला. १९९३ पासून शेतकऱ्याला थेट मदत मिळू लागली. १९९६ साली सार्वमताने राज्यघटनेत नवे कलम आले. अन्न पिकवण्याबरोबरच भूप्रदेशाची निगा राखणे हेही शेतीचे काम ठरले. २०१४ साली जनावरांच्या संख्येवरील मदत बंद झाली, आणि दगडी बांध, कुंपणाची झाडी, एकाकी वृक्ष यांच्या जपणुकीसाठी वेगळी मदत सुरू झाली. उतार जितका तीव्र, तितकी मदत अधिक, असेही तत्त्व त्यांनी स्वीकारले.

महाराष्ट्रानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. अशा एखाद्या केंद्रावर सहल गेली, तर तेथील बांध, ओढा आणि झाडी नीट पाहा. त्यांची निगा कोण राखतो आणि त्या कष्टांचा मोबदला त्याला कुठून मिळतो, हे अवश्य विचारा.