घरच्या घरी ओकचा बाक : पाच मिलिमीटरची गोष्ट

देशातून हौसेने आणलेला सागाचा पाट अमेरिकेतल्या दोन-तीन हिवाळ्यांत मधोमध तडकला, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना असेल. मग "लाकूडच कच्चं होतं" म्हणत आपण तिथल्या सुताराला बोल लावतो. पण बऱ्याचदा खरा दोष असतो पाटाखाली आडव्या ठोकलेल्या दोन पट्ट्यांचा. हे कोडं उलगडलं की दाराशी बसून बूट घालायचा भक्कम बाक घरीच करता येतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना वाकून बूट घालणं जमत नाही, तेव्हा तो लागतोच.

लाकूड हवेतली ओल घेतं तेव्हा फुगतं, सोडतं तेव्हा आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र चांगलाच असतो. कोकणातली दमट हवा सोडून आलेला पाट इथे जानेवारीत हीटिंगच्या कोरड्या हवेत सापडतो. आपले ओठ फुटतात, तशी त्याचीही गत. आकसू पाहणाऱ्या फळीला आडव्या पट्टीने खिळे मारून धरून ठेवलं, तर ती फुटणारच.

इथे सहज मिळणारं कठीण लाकूड म्हणजे व्हाइट ओक. बैठक ३५ सेंटिमीटर रुंद असेल आणि लाकडातली ओल हिवाळ्यात ६ टक्के, उन्हाळ्यात १० टक्के धरली, तर रुंदीत साधारण ५ मिलिमीटरचा फरक पडतो. क्वार्टर-सॉन फळी, म्हणजे टोकाकडून पाहिल्यास खोडाची वलयं उभी दिसतील अशी कापलेली, निम्मीच हलते. पण महाग पडते. साग ओकपेक्षा कमी हलतो, पण हलतोच. बाकाची सगळी रचना या पाच मिलिमीटरला वाट देण्यासाठी.

मापं सोपी आहेत : लांबी १२० सेंटिमीटर, उंची ४५. गुडघे दुखणाऱ्यांनी उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढवावी. लाकूड आणलं की लगेच कापू नका. दोन आठवडे घरात, फळ्यांमध्ये काड्या ठेवून रचा. गराजमध्ये नको, तिथली हवा वेगळी असते.

चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या खोबण-कुसूच्या सांध्याने जोडायच्या. कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. आधी पटाशीने पायात खोबण पाडा आणि मग कुसू थोडं थोडं तासत तिच्यात बसवा, कारण कुसू तासणं सोपं, खोबण दुरुस्त करणं कठीण. ते हाताने दाबून, फार तर हलक्या ठोक्याने बसलं पाहिजे. हातोडा जोरात मारावा लागला तर पाय चिरतो. आणि सैल सांधा फेव्हिकॉल ओतून घट्ट होत नाही, हे आपल्या जुगाडू मनाला पटवून द्यावं लागतं! शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे.

आता बैठक. फळ्या एकमेकींना कडेने चिकटवायला हरकत नाही, कारण त्या एकाच दिशेने हलतात. पण ही बैठक चौकटीला चिकटवायची नाही. दोन्ही टोकांच्या आखूड पट्ट्यांना आतून एकेक गुटका लावा आणि प्रत्येकातून खालून तीन स्क्रू घ्या. मधला घट्ट. बाजूच्या दोघांची गुटक्यातली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट, म्हणजे बैठक दोन्हीकडे सरकू शकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. ओकमधल्या टॅनिनने साध्या लोखंडाभोवती काळे डाग पडतात. हिरडा आणि लोखंडापासून शाई होते, तोच प्रकार.

खर्चाचं विचाराल तर एमबीए म्हणून सांगतो, आपल्या वेळेची किंमत धरली तर दुकानातला बाकच स्वस्त. मात्र विकत घेतानाही उलटा करून खाली बघा, बैठक कशी बसवली आहे ते.

शेवटी तेल. बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणजे आपलं जवसाचंच, पण त्यात वाळवणारी रसायनं असतात, खाण्याशी संबंध नाही. पातळ हात द्या आणि वरचं तेल पुसून काढा. पुसलेल्या चिंध्या चुरगळून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी काडी न लावता पेट घेते. बहुतेक घरं लाकडी असलेल्या या देशात हा धोका लहान नाही. चिंध्या घराबाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, आणि हे काम हात धुण्याआधी करा.