कांजीचे उरलेले पाणी फेकू नका



होळी जवळ आली की आपल्या ग्वाल्हेरात गच्चीवर, अंगणात कांजीच्या बरण्या दिसू लागतात. पुण्याकडचे नातलग 'कांजी' म्हटले की कपड्यांना करायची कांजी समजतात! इथली कांजी म्हणजे गाजर, मुळा किंवा बीट यांचे तुकडे, पाणी, मीठ आणि मोहरीची पूड. तीन-चार दिवस उन्हात ठेवले की छान आंबट होते. गाजरे आणि वडे संपतात, पण तळाशी दोन वाट्या पाणी उरते आणि ते मोरीत जाते. याच पाण्याविषयी आज थोडे लिहीत आहे.

हे पाणी आंबट कशाने होते? आपण त्यात लिंबू किंवा चिंच घालत नाही. भाज्यांवर मुळातच काही सूक्ष्म जिवाणू असतात. एक लिटर पाण्याला 20 ते 25 ग्रॅम मीठ घातले, की नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते, पण लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तग धरतात. ते भाजीतील साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल हेच. म्हणजे उरलेल्या पाण्यात आम्ल, मीठ, मोहरीचा झणका आणि भाजीचा स्वाद असे चारही गुण तयार असतात. सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगला आणखी काय हवे? फक्त तेल आणि किंचित गोडी.

कृती सोपी आहे. एक चमचा मोहरीची पूड दोन चमचे कांजीच्या पाण्यात चांगली फेसून घ्यावी. नाकात झणका गेला पाहिजे. त्यात कांजीचे पाणी आणखी तीन मोठे चमचे, दोन मोठे चमचे तेल, एक चमचा किसलेला गूळ आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून झाकणाच्या बाटलीत जोरात हलवावे. तेल आणि पाणी एरवी लगेच वेगळे होतात. फेसलेली मोहरी त्यांना काही वेळ धरून ठेवते. काकडी, कोबी, टोमॅटो यांच्या चार जणांच्या कोशिंबिरीला एवढे पुरते. वरून मीठ घालू नये, ते पाण्यात आहेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता माझी एक चूक सांगते. लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला मी उरलेली कांजी कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात काढून ठेवली. सकाळी पातेल्याच्या कडा हिरवट झाल्या होत्या. सासूबाईंनी काही न बोलता सगळी कांजी ओतून दिली. मी पदवीपर्यंत विज्ञान हिंदी माध्यमातून शिकले होते. 'अम्ल और धातु' हा पाठ मला तोंडपाठ होता, पण स्वयंपाकघरात तो आठवला नाही. आम्लाने पितळेतील तांबे पाण्यात उतरते आणि ते पोटात गेले तर मळमळ, उलट्या होतात. सासूबाई शाळेत फार शिकल्या नव्हत्या, तरी तो पाठ त्यांनाच खरा कळला होता.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. कांजी आणि तिचे ड्रेसिंग काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच ठेवावे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम नको. पाणी काढायला चमचा कोरडा आणि स्वच्छ असावा. ते उकळू नये, उकळल्यास जिवाणू मरतात. उरलेले पाणी फ्रिजमध्ये ठेवावे. तेल-गूळ घातलेले ड्रेसिंग मात्र लागेल तेवढेच करून त्याच दिवशी संपवावे. वर केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, पाणी बुळबुळीत झाले किंवा कुजका वास आला, तर चव न घेता सगळे फेकून द्यावे. तिथे काटकसर करू नये.

मुलांनो, घरी मुळ्याची कांजी असेल तर थोडे पाणी प्रयोगशाळेत घेऊन या. गाजराच्या रंगात लिटमसचा रंग ओळखू येत नाही, मुळ्याच्या पाण्यात निळा कागद लाल झालेला स्पष्ट दिसतो.

पालकांना एक विनंती. डब्यातील काकडी-कोबी तशीच परत येते, ही तक्रार प्रत्येक पालकसभेत ऐकते. एकदा हे ड्रेसिंग छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत वेगळे देऊन पाहा. बाटली हलवायचे काम मात्र मुलांनाच द्या. स्वतः केलेली वस्तू मूल सहसा टाकत नाही.

आपली,
मुख्याध्यापिका