दुसरा चंद्र? छे, सहप्रवासी!

हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला २७ एप्रिल २०१६ रोजी सापडलेला कामोओआलेवा हा लघुग्रह जेमतेम ४० ते १०० मीटरचा. पृथ्वीचा ‘दुसरा चंद्र’ म्हणून तो बातम्यांत मिरवला, पण ते काही खरं नाही. तो फिरतो सूर्याभोवतीच, तेही आपल्यासारखाच साधारण वर्षभरात. कक्षा मात्र किंचित लांबट आणि कललेली. त्यामुळे सूर्याजवळ आला की वेग घेऊन आपल्या पुढे सटकतो, लांब गेला की रेंगाळून मागे पडतो. देवळात दोघं बरोबरीनं प्रदक्षिणा घालताहेत आणि एकजण कधी आतून, कधी बाहेरून चालतोय, तर दुसऱ्याला वाटणारच, हा माझ्याचभोवती घोटाळतोय! जवळ म्हणावं तर तेव्हाही अंतर चंद्राच्या सुमारे ३८ पट. स्वतःभोवतीची गिरकी मात्र अवघ्या २८ मिनिटांत.

त्याच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश चंद्रावरच्या खडकांशी जुळतो. म्हणून, एखाद्या आघातात चंद्राचाच उडालेला हा टवका असावा, असा काही संशोधकांचा कयास आहे. तिथले नमुने आणायला चीनचं तिआनवेन-२ यान मे २०२५मध्ये निघालं.