गद्धेपंचविशी कुणाच्या वाट्याला येते?

लेखमाला : म्हणींतलं वय – भाग सातवा

मागच्या भागात 'साठी बुद्धी नाठी'चा समाचार घेतला. आयुष्याच्या अलीकडच्या टोकाला तसाच उभा असलेला शब्द म्हणजे गद्धेपंचविशी. दोन्ही शेजारी ठेवले की हिशेब मोठा गमतीचा निघतो. पंचविशीच्या आत अक्कल आलेली नसते, साठीनंतर ती गेलेली असते. म्हणजे माणसाच्या हाती शहाणपणाची उणीपुरी ३५ वर्षं. ती नेमकी कोणती? तर घरात पैसा आणायची आणि तो कसा खर्चायचा हे ठरवायची. हे दोन्ही शब्द तोंडी असणारी माणसंही बहुधा त्याच वयातली. माझं म्हणणं असं की गद्धेपंचविशी दिसायला वयाचं वर्णन असली तरी व्यवहारात ती एक सवलत आहे. कमावती मंडळी ती न कमावत्याला देतात, आणि पोराच्या हाताशिवाय ज्या घराचं भागत नाही तिथे ती कुणी मागतही नाही. हे तपासायला अमरावती जिल्ह्यातल्या धारणीसारखी जागा नाही. या शब्दाचं हिंदी भावंड शेजारी राहतं ती हद्द इथे आहे, आणि हा शब्द जिथे पोचता पोचता थांबतो ती हद्दही इथेच आहे.

आधी शब्दाचं कुळ पाहू. मराठीत जनावर गाढव असतं. माणसाला हिणवायचं झालं की 'गद्धा' बाहेर पडतो. हिंदीत हाच शब्द 'गदहपचीसी' किंवा 'गधापचीसी' असा आहे, आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या 'हिंदी शब्दसागर'नं त्याची मर्यादा १६ ते २५ वर्षं अशी नोंदवली आहे. मेळघाटाचा डोंगर उतरून बऱ्हाणपूर-खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या धारणीत एकाच दुकानाच्या ओट्यावर वऱ्हाडी, हिंदी आणि कोरकू चालते. तिथे गधापचीसी आणि गद्धेपंचविशी यांत परकं कोण हे ठरवायची कुणाला गरज पडत नाही. पण हे १६ आणि २५ आले कुठून? चाणक्याच्या नावावर चालणारं एक सुभाषित सांगतं की पाच वर्षं मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षं धाकात ठेवावं आणि सोळावं लागलं की त्याच्याशी मित्रासारखं वागावं. म्हणजे सोळाव्या वर्षी बापाचा धाक सुटतो. पंचवीस हा आकडा शंभर वर्षांच्या आयुष्याचे चार समान वाटे करणाऱ्या आश्रमव्यवस्थेचा. पहिला वाटा ब्रह्मचर्याचा, अभ्यासाचा, संयमाचा. शास्त्र ज्या वर्षांना सर्वांत शिस्तीची म्हणतं, त्यांच्याच शेपटाला लोकांनी गाढव बांधलं. त्यात 'पंचविशी' हा तर ग्रंथांच्या नावांतला प्रत्यय. वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी ही नावं ज्या कानांना सवयीची होती, त्यांना गद्धेपंचविशी हे एखाद्या न लिहिलेल्या पोथीचं नाव वाटलं असणार. वेताळपंचविशीतला राजाही तोंड उघडायचं नाही हे माहीत असून पुन्हा पुन्हा उघडतो आणि प्रेत पुन्हा पुन्हा झाडावर जाऊन लटकतं. शब्द घडवणाऱ्याच्या मनात ही गोष्ट असो वा नसो, विडंबन फक्कड जमलं आहे.

या शब्दाचा उत्तरार्ध मात्र निराळा आहे. एके काळी तो बापाच्या तोंडी असायचा. आता तो ज्याच्याबद्दल बोलला जायचा त्याच्याच तोंडी गेला आहे. काही वर्षांपूर्वी 'लोकसत्ता'च्या 'चतुरंग' पुरवणीत याच नावाचं सदर चाललं. त्यात नामवंत मंडळींनी आपापल्या घडण्याचे दिवस सांगितले, आणि वाचकांना ते आवडलं. शिवी होती तिची शाल झाली. यात वाईट काही नाही, पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. गद्धेपंचविशी सांगायला पुढचं आयुष्य नीट लागलेलं असावं लागतं. ज्याचं पुढे काही झालं नाही त्याच्या त्याच चुकांना आपण गद्धेपंचविशी म्हणत नाही. 'वाया गेला' म्हणतो. म्हणजे हा शब्द त्या वयात लागू होतच नाही. पुढे सगळं सुरळीत झालं की मागल्या तारखेनं तो बहाल होतो.

इतिहासातली उदाहरणं इथे हमखास पुढे केली जातात, पण ती जपून वापरायला हवीत. १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि २७ व्या वर्षी गेले. त्यांचा बहुतेक सगळा कारभार गद्धेपंचविशीतला. यावर आक्षेप येतो की अपवादानं म्हण खोटी ठरत नाही. खरं आहे. पण मला त्यांच्या कर्तृत्वापेक्षा सुरुवातीची भाऊबंदकी बोलकी वाटते. पुतण्याचं वय कच्चं आहे, हेच राघोबादादांना कारभार आपल्या हाती ठेवायला पुरेसं कारण होतं. अक्कल कुणाला आली हे वय ठरवत नव्हतं. किल्ल्या कुणाकडे राहायच्या ते ठरत होतं. आणि बायकांकडे वळलं की अपवादाचा आक्षेपच गळून पडतो. सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल होऊन गेलं, १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि बाविशी गाठायच्या आत संपल्या. त्या असामान्य होत्या हे कबूल, पण लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण यांत असामान्य काहीच नव्हतं. त्या काळी घरोघर तेच होतं. सोळाव्या वर्षी जिच्या कडेवर मूल आहे तिला चुका करायला नऊ वर्षं कोण देणार? एखाद्या बाईच्या गद्धेपंचविशीबद्दल जुन्या पिढीतलं कुणी बोललं तर आजही कानाला खटकतं. मुलीच्या त्याच वयाला भाषेनं ठेवलेले शब्द धोक्याचे आणि अब्रूचे आहेत.

मेळघाटात हे फार लांबचं नाही. इथल्या बालमृत्यूंची आणि कुपोषणाची चर्चा १९९३ पासून राज्यभर होत आली आहे, आणि कमी वयातलं लग्न व बाळंतपण हे त्याचं एक कारण म्हणून सतत सांगितलं जातं. मुलांचंही पाहा. दिवाळी सरली की, आणि होळीचा फगवा मागून झाला की पुन्हा, धारणीच्या आसपासच्या गावांतली घरं कामासाठी बाहेर पडतात. कुणी परतवाडा-अमरावतीकडे, कुणी अकोल्याकडे, कुणी हद्दीपलीकडे. शेतीच्या हंगामावर, वीटभट्टीवर, बांधकामावर. सोळा-सतरा वर्षांचं पोट्टं त्यात पूर्ण हाताचं धरलं जातं. मुकादम मजुरी ठरवतो तेव्हा त्याच्या अकलेचं वय विचारत नाही. कोरकूंची जुनी 'लमझना'ची रीत तर या शब्दाच्या अगदी उलट दिशेनं जाणारी. होणारा जावई मुलीच्या घरी राहायचा, सासऱ्याच्या शेतात राबायचा आणि काही वर्षांच्या कष्टानं लग्नाचं देणं फेडायचा. त्या काळात त्याच्यावर सगळ्यांची नजर असे. मराठी मध्यमवर्गाच्या घरात ज्या वर्षांत 'होईल हळूहळू शहाणा' म्हणत थांबतात, त्याच वर्षांत इथे मुलाची परीक्षा उरकलेली असते. कोरकूंना त्यांचं तारुण्य नाही असं मला म्हणायचं नाही. नाच आहे, होळी आहे, थट्टा आहे. नाही ती फक्त माफीची मुदत. वऱ्हाडी बोलीतला 'बैताड' हा शब्द मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतो. तो पोट्ट्यालाही लागतो आणि आजोबालाही. वयाचा दाखला मागत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. विज्ञानानंच ही म्हण खरी ठरवली, असं हल्ली ऐकू येतं. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आवर घालणारा आणि परिणामांचा विचार करणारा, पंचविशीपर्यंत पक्का होत नाही म्हणे. यातलं निम्मं बरोबर आहे. हा भाग उशिरा परिपक्व होतो आणि ते काम विशीतही चालू असतं, हे मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. पण पंचविसाव्या वाढदिवसाला काही कुलूप लागतं असं त्या अभ्यासांत नाही. बदल हळूहळू होतो, माणसागणिक वेगळा होतो, आणि जबाबदारी, शिक्षण, ताण यांचाही त्यात हात असतो. २५ हा गोळाबेरीज आकडा लोकांनी उचलला, आणि आपल्याकडे तो उचलायला म्हण आधीच तयार होती. शिवाय मेंदू जर धारणीतल्या आणि डेक्कन जिमखान्यावरच्या मुलाचा सारखाच उशिरा पिकत असेल, तर एकाच्या चुकीला समुपदेशक आणि दुसऱ्याच्या चुकीला पोलीस ठाणं का, याचं उत्तर मेंदूत सापडायचं नाही.

ते कायद्यात थोडंफार सापडतं, आणि कायद्याची गद्धेपंचविशी म्हणीइतकीच मजेशीर आहे. घोर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायची वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं उघडली. म्हणजे सोळा आलं. ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. पण विधानसभेला किंवा लोकसभेला उभं राहायचं तर आजही २५ पूर्ण हवीत. महाराष्ट्रात बीअर एकविसाव्या वर्षी, पण कडक दारूला पुन्हा पंचविसावंच. राज्यघटनेत आणि दारूच्या नियमांत एकाच आकड्यावर एकमत व्हावं, यामागे म्हणीचाच पगडा आहे असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे विचार करणारी मंडळी मात्र पंचविशी ओलांडलेली. एक फट ७३ व्या दुरुस्तीनं १९९३ मध्ये ठेवली. एकवीस पूर्ण असलेल्या कुणालाही, पंचविसाच्या आत आहे एवढ्यावरून पंचायतीच्या निवडणुकीतून बाद करता येणार नाही, असं कलम २४३-एफ सांगतं. तेव्हा धारणी तालुक्यातल्या गावची बाविशीतली मुलगी सरपंच होऊ शकते, ग्रामसभा चालवू शकते, गावाच्या पैशाच्या धनादेशावर सही करू शकते. तिच्याच मेळघाट मतदारसंघातून आमदारकीला अर्ज भरायला मात्र तिला आणखी तीन वर्षं थांबावं लागेल.