टेबलावरची शू

सकाळी ७. आऊटर रिंग रोड तुंबायच्या आत मी बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या न्यूक्लिअर मेडिसिन सेंटरवर पोचते. छातीला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावून थेट हॉट लॅब. शिशाच्या आवरणातल्या मॉलिब्डेनमपासून दिवसाचं किरणोत्सर्गी टेक्नेशियम काढायचं. ते ६ तासांत निम्मं होतं, म्हणून ते रोज काढावं लागतं.

८.३०. हाडांच्या स्कॅनची इंजेक्शनं.

१०. पाच वर्षांची मुलगी. सारखा ताप, लघवीत इन्फेक्शन. मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, ते पाहण्यासाठी डीआरसीजी ही तपासणी करायचीय. लघवीचा कल्चर रिपोर्ट स्वच्छ असल्याची खात्री आधी करून घेते. आई गरोदर, त्यामुळे आत बाबा थांबणार.

"दुखेल का हो, ताई?" आई मराठीत विचारते. मी मुलीलाच सांगते: शूच्या जागी नळी घालताना झोंबेल, मशीन मात्र अंगाला लागतसुद्धा नाही. "काही होणार नाही" असं सांगून आणलेलं पोर नळी टोचली की कुणाचंच ऐकत नाही.

१०.४०. सिस्टर जेल लावून बारीक नळी सरकवतात. भूल नाही. सलाइनमधून १ मिलिक्युरी टेक्नेशियम आत जातं. मूत्राशयात किती मावेल, त्यासाठी वयात २ मिळवून ३० नं गुणायचं, म्हणजे हिला साधारण २१० मिली. कॅमेरा टेबलाखाली. पडद्यावरचा ठिपका फुगत जातो. माझं लक्ष तिच्या पावलांवर. बोटं आखडली की मूत्राशय भरलं समजायचं.

आता झोपल्या झोपल्या शू करायची, तीही अनोळखी माणसांसमोर. कपड्यात करायची नाही, हे तिला घरी किती कष्टानं शिकवलेलं! पण लघवी उलटी चढते ती पुष्कळदा नेमकी याच वेळी, त्यामुळे हा भाग सोडता येत नाही. दिवे मंद, नळ चालू, पावलांवर कोमट पाणी. घाई करायची नाही, रागवायचं तर मुळीच नाही. बराच वेळ जातो. मग होते. "शाब्बास गं!"

१२. रिपोर्ट डॉक्टर देतील. मी एवढंच सांगते: भरपूर पाणी पाजा, एखादा दिवस जळजळ होईल, ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बाबांना रेडिएशनची धास्ती. एक्स-रेवर होणाऱ्या अशाच तपासणीपेक्षा, एमसीयूपेक्षा, यात ते बरंच कमी. पण मूत्रमार्ग यात दिसत नाही, त्यामुळे मुलग्यांची पहिली तपासणी बहुधा एक्स-रेवरच होते.

दुपारी ३. ओल्या चादरी शिशाच्या पेटीत, किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत. मीटरनं टेबल तपासते.

५. उद्याच्या पेशंटच्या आईला फोन: उपाशी आणू नका, कपड्यांचा जादा जोड घ्या, आवडतं खेळणं घ्या, आणि नळीचं आज रात्रीच सांगून ठेवा.