पळसमैनांची परतीची शिदोरी

फेब्रुवारी-मार्चमध्ये दादर-परळ भागात एखादी काटेसावर किंवा पांगारा फुललेला आढळला, तर सकाळी त्याखाली थोडा वेळ उभे राहावे. अंग गुलाबी आणि डोके, पंख, शेपटी काळी असे पक्षी कलकलाट करीत फुलांत चोची खुपसताना दिसण्याचा चांगला संभव असतो. या पळसमैना, यांनाच भोरड्या असेही म्हणतात. पावसाळा सरता सरता त्या मध्य आशिया व पूर्व युरोपातून येतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत परततात. इंग्रजी गोष्टींत वसंतात पक्षी येतात. आपल्याकडे हे पाहुणे वसंतात निघतात. मुलांना हा फरक आवर्जून सांगावा.

निघण्याची वेळ त्यांना कळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. मुंबईत 22 डिसेंबरला दिवस सुमारे 11 तासांचा असतो, तर एप्रिलच्या मध्यास साडेबारा तासांहून थोडा मोठा. (दिनदर्शिकेतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून विद्यार्थ्यांना याचा आलेख काढता येईल.) दिवस वाढू लागला की पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठू लागते. 1 ग्रॅम चरबीपासून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टमय पदार्थांपासून 4. ओझे कमी आणि इंधन जास्त न्यायचे, तर चरबीच हवी.

ही शिदोरी बांधली जाते फुलांतील मकरंद, वड-पिंपळाची फळे आणि किडे यांतून. म्हणून बहरातील झाडाची छाटणी करू नये. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या उतरवाव्या लागतात, हे आम्हालाही मान्य आहे. पण ते काम बहर ओसरल्यावर करा, असा अर्ज चाळीला किंवा सोसायटीला महापालिकेकडे देता येतो. झाडच तोडायचे, तर 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

गॅलरीत मातीची पसरट थाळी ठेवावी, पाणी दोन बोटेच. थाळी रोज रिकामी करून घासावी. अंड्यापासून डास तयार होण्यास उन्हाळ्यातही साधारण आठवडा लागतो. त्यामुळे पाणी रोज बदलणाऱ्यांनी मलेरियाची धास्ती बाळगू नये.

गिरगाव व दादर चौपाटीवरील कुरवांना मात्र शेव-गाठ्या टाकू नयेत. मिठाने ते मरतील असे नव्हे. जादा मीठ नाकावाटे बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी त्यांच्या डोळ्यांजवळ असतात. पण मार्चमध्ये त्यांची डोकी गडद होऊ लागतात, म्हणजे तेथे नवी पिसे येत असतात. त्याच वेळी प्रवासाचीही तयारी चालते. अशा वेळी मासे, किडे सोडून तळलेल्या पिठाने पोट भरणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी याच पळसमैनांना दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करून देतात, म्हणजे कीटकनाशके कमी लागतात. शाळेने एवढे करावे: शेवटचा थवा कोणत्या तारखेला दिसला, ते दरवर्षी एकाच वहीत लिहून ठेवावे.